मेरठ खटला आणि डॉ. गंगाधर अधिकारी

चीन आणि हिंदुस्थान या दोन्ही देशांत साम्यवादी पक्षाची पायाभरणी १९२० नंतरच्या दशकात झाली आणि दोन्हीकडे पहिल्या फळीत प्राध्यापक, पत्रकार, संशोधक असे विद्याव्यासंगी लोक होते. परंतु त्यांच्या वाट्याला आलेली आयुष्ये फार वेगळी ठरली. पेकिंग विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि चिनी पक्षाचे एक संस्थापक ली ताचाओ यांना एप्रिल १९२७ मध्ये फाशी देण्यात आली, तर छू छ्यूपाय या साहित्यिक नेत्याला १९३५ मध्ये कुओमिन्तांग सरकारने गोळ्या घातल्या. हिंदुस्थानातील साम्यवादी नेते डॉ. गंगाधर अधिकारी यांच्यावर मात्र रीतसर खटला चालला. ब्रिटिश सरकारला साम्यवाद्यांचा नुसता बंदोबस्त नको होता, तर तो कायद्याच्या चौकटीत झाल्याचे जगाला दिसावे अशी त्याची इच्छा होती, आणि या इच्छेनेच आरोपींना आपली बाजू मांडण्याचे व्यासपीठ मिळवून दिले.

८ डिसेंबर १८९८ रोजी पनवेलला जन्मलेले अधिकारी रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. १९२२ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला माक्स फोल्मर यांच्याबरोबर त्यांनी पृष्ठीय विसरणावर, म्हणजे पदार्थाचे रेणू त्याच्या पृष्ठभागावरून कसे सरकत जातात या प्रश्नावर, संशोधन केले. स्फटिकांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांना या दोघांचे निबंध आजही परिचित आहेत. त्याच बर्लिनमध्ये ते जर्मन साम्यवादी पक्षात आले. डिसेंबर १९२८ मध्ये ते मुंबईत परतले, तेव्हा गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप नुकताच होऊन गेला होता आणि गिरणी कामगार युनियनचा दबदबा सरकारच्या डोळ्यांत सलत होता. अधिकाऱ्यांना जेमतेम तीन-साडेतीन महिने मोकळेपणी काम करता आले.

२० मार्च १९२९ रोजी अधिकाऱ्यांसह साम्यवादी व कामगार पुढाऱ्यांची देशभर धरपकड झाली आणि त्यांच्यावर मेरठला खटला भरण्यात आला. या धरपकडीचे पडसाद दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात तत्काळ उमटले, कारण साम्यवाद्यांना आळा घालण्यासाठी आणलेले सार्वजनिक सुरक्षा विधेयक तेथे विचाराधीन होते. या विधेयकावरील चर्चा मेरठच्या न्यायप्रविष्ट खटल्याला स्पर्श केल्याविना होऊच शकत नाही, असे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांचे मत होते. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले आणि ११ एप्रिलला विठ्ठलभाईंनी चर्चा नाकारणारा निर्णय दिला. दिल्लीहून मेरठ सुमारे ७० किलोमीटरवर आहे, आणि आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे नेते व आळवे, कसले यांच्यासारखे गिरणी कामगार असूनही दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात हे गाव क्वचितच येते, ही खेदाची गोष्ट आहे.

मेरठची निवड हेतुपुरस्सर होती. मुंबईत किंवा कलकत्त्यात खटला चालला असता, तर आरोपींना ज्यूरीपुढे, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढे, उभे राहता आले असते; मेरठच्या सत्र न्यायालयात तशी सोय नव्हती. आरोप भारतीय दंडसंहितेच्या कलम १२१-अ खालील, म्हणजे बादशहाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा होता. सुमारे चार वर्षे हे काम रेंगाळले. त्या काळात साम्यवादी आरोपींपैकी १८ जणांनी आपल्या विचारांचे दीर्घ संयुक्त निवेदन न्यायालयात सादर केले, आणि याच काळात, १९३१ साली, अधिकाऱ्यांनी केलेला कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद प्रसिद्ध झाला. चिनी भाषेत तो चेन वांगताओ यांनी १९२० मध्येच आणला होता. १६ जानेवारी १९३३ रोजी अधिकाऱ्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा कमी केल्या, आणि वर्षअखेरीस ते विस्कळीत पक्षाची घडी बसवणाऱ्या मध्यवर्ती समितीचे सचिव झाले.

त्यांच्या बुद्धीची झेप मोठी होती, तशीच तिची एक चूकही मोठी होती. १९४२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या राष्ट्रीयत्वांना स्वयंनिर्णयाचा, वेळप्रसंगी विलग होण्याचाही, हक्क असावा असा सिद्धान्त मांडला. धर्मावर उभ्या असलेल्या पाकिस्तानच्या मागणीला त्याने अकारण तात्त्विक आधार मिळाला, आणि पुढे पक्षानेही ही भूमिका सोडली.

उतारवयात मात्र त्यांच्यातला संशोधक पुन्हा पुढे आला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रे जमवून ती टिपांसह संपादित करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि पहिला खंड १९७१ मध्ये नवी दिल्लीहून निघाला. पोलिसांनी जप्त करून पुरावा म्हणून मेरठच्या न्यायालयात दाखल केलेली पत्रे आणि पत्रके ही या कामातील एक महत्त्वाची साधनसामग्री होती. पक्षाने स्वतः ती इतकी नीट जपली असती असे वाटत नाही. २१ नोव्हेंबर १९८१ रोजी अधिकाऱ्यांचे निधन झाले. त्यांनी संपादित केलेले खंड १९२८ पर्यंत येऊन थांबतात, मेरठ खटल्याच्या नेमके अलीकडे.