पापणी मिटायला विसरलेला कॅमेरा

मंडळी, २०२० चा लॉकडाऊन आठवतोय ना? त्या जुलैत वरच्या मजल्यावर राहणारी ताई खाली आली. तिचे कथकचे वर्ग आता ऑनलाइन भरत होते, पण लॅपटॉपच्या वेबकॅममध्ये मुलींना तिची पावलंच धड दिसत नव्हती. "अरे, तुझा तो मोठा कॅमेरा कपाटात पडूनच आहे ना?"

होता की! यूएसबीची वायर लावली, कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि चित्र असं काही आलं की मी घरातला हीरोच झालो. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. तिसऱ्या आठवड्यात ऐन तत्कारात पडदा काळा. कॅमेरा हातात घेतला तर नुकता तव्यावरून उतरवल्यासारखा. बॅटरी काढायला गेलो तर ती निघेचना. फुगली होती! मी स्वस्तात घेतलेली, बिननावाची.

मग इंजिनिअरचा स्वभाव... हे असं का झालं, ते शोधत बसलो.

वेबकॅमची गोष्ट सुरू होते ती केंब्रिज विद्यापीठात. १९९१ साली तिथल्या संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला, रिकाम्या भांड्यापर्यंतची पायपीट वाचावी म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातले लोक ते भांडं बघत होते. म्हणजे वेबकॅमचा जन्मच एकटक बघत राहण्यासाठी झाला. सेन्सर छोटा, काम मोजकं, उष्णताही कमी.

डीएसएलआरचं घराणं वेगळं. तो फिल्मच्या एसएलआरचा वारस. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून आपल्या डोळ्याकडे जातो. बटण दाबलं की आरसा वर, शटर उघडलं, १/१२५ सेकंद, बंद! बाकी सगळा वेळ सेन्सर अंधारात निवांत. दिवसभरात हजार फोटो काढले तरी सेन्सरवर प्रकाश पडतो तो जेमतेम आठ सेकंद. ताईकडे तोच सेन्सर दिवसाला सहा तास जागा होता.

त्याला जागं ठेवायची सुरुवात हळूहळूच झाली. फुजीफिल्मच्या एस३ प्रोमध्ये २००४ साली मागच्या पडद्यावर जिवंत चित्र दिसायचं, पण कृष्णधवल आणि फक्त ३० सेकंद. २००६ च्या ऑलिंपस ई-३३० ने सतत चित्र दाखवलं, पण त्यासाठी व्ह्यूफाइंडरच्या वाटेवर दुसरा छोटा सेन्सर बसवला होता. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ व्हिडिओ काढू लागले. डी९० चं एचडी चित्रीकरण पाच मिनिटांत थांबायचं, ५डी चं साधारण बारा मिनिटांत, कारण फाइल ४ जीबीला भिडायची.

पुढे बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा आली. याचं मुख्य कारण होतं युरोपातला आयात कर! सलग ३० मिनिटं चित्रीकरण करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा समजलं जाई, आणि त्यावर कर जास्त. गंमत बघा, या कराच्या भीतीने कॅमेऱ्याला आपोआप विश्रांती मिळत होती.

मग आला २०२०. बाजारात वेबकॅम मिळेनात. एप्रिलमध्ये कॅननने, मेमध्ये फुजीफिल्मने, ऑगस्टमध्ये निकॉन आणि सोनीने कॅमेऱ्याला वेबकॅम बनवणारं सॉफ्टवेअर दिलं. यात काही रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे फाइलची मर्यादा नाही नि कराचीही नाही. सॉफ्टवेअरने एका झटक्यात कुंपण काढलं, पण आतलं यंत्र तेच राहिलं. घट्ट बंद डबा, पंखा नाही.

बरेच जण विचारतात, याने शटर झिजतं का? तसं नाही, ते एकदा उघडून उघडंच राहतं. खरा शत्रू उष्णता. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की सेन्सरमधला नको असलेला प्रवाह दुप्पट होतो आणि चित्रात दाणे, रंगीत ठिपके दिसू लागतात. फार तापला तर कॅमेरा स्वतःच बंद होतो. ती बिचाऱ्याची समजूतदारी. बॅटरीला मात्र तशी सोय नेहमी असतेच असं नाही. लिथियमची बॅटरी सतत गरम राहिली की लवकर म्हातारी होते आणि आत वायू साठून फुगते. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा चार्ज तर मुळीच करायचं नाही.

आमची बॅटरी शेवटी दुरुस्तीवाल्याने काढली. ताईचे चार दिवसांचे वर्ग बुडाले, आणि तिच्या घरखर्चाचा अर्धा भार त्याच वर्गांवर होता. आता कंपनीचाच वीज-अडॅप्टर आहे, मागचा पडदा बंद असतो, खिडकीतलं ऊन लेन्समध्ये येत नाही. आणि दर ४५ मिनिटांनी ताई म्हणते, "चला गं, पाणी प्या," आणि कॅमेरा बंद करते.

मुली म्हणतात ताई फार प्रेमळ. मला माहितीय विश्रांती कोणासाठी असते ते :-)