रोशचा मठ आणि त्यावरची हिरवळ

आठव्या हेन्रीने मठ मोडले, एवढे एक वाक्य सांगून आपण ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या वर्गात पुढे सरकतो. मठ मोडतात म्हणजे नेमके काय होते, आणि मोडलेल्या मठाचे पुढे काय होते, हे पाहावयाचे असेल तर यॉर्कशायरमधील माल्टबी गावाजवळच्या रोश मठाकडे वळावे.

चुनखडीच्या कड्यांमधून वाहणाऱ्या ओढ्याकाठी इ. स. ११४७ मध्ये सिस्टर्शियन संन्याशांनी हा मठ वसविला. ‘खडक’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्याचे नाव पडले. सुमारे चारशे वर्षे तेथे नित्य उपासना चालली. २३ जून १५३८ रोजी मठाधिपती हेन्री कंडल व त्याचे बंधू यांनी मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला.

त्यानंतरची हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती मायकेल शेरब्रुक या धर्मगुरूमुळे. जवळच्याच विकर्झली गावचा हा रेक्टर. घटना घडली तेव्हा तो लहान होता. पण त्याचा चुलता तेथे हजर होता. प्रत्येक संन्याशाला त्याची खोली मिळाली होती. त्यांतील एकाने ओळखीच्या नात्याने आपल्या खोलीचे दार दोन पेन्सला देऊ केले; घेऊन करू काय, म्हणून चुलत्याने ते नाकारले. लोकांनी भिंतींतले लोखंडी आकडेसुद्धा उपटून नेले. संन्यासी ज्या आसनांवर बसून स्तोत्रे गात ती जाळून छपराचे शिसे वितळविण्यात आले. उपासनेच्या पुस्तकांची पाने फाटक्या गाड्यांना ठिगळे लावण्यास उपयोगी पडली. शेरब्रुकच्या वडिलांनीही देवळाचे लाकूड भागीदारीत विकत घेतले होते. तीसएक वर्षांनी मुलाने त्यांना विचारले, की संन्याशांविषयी तुमचे मत वाईट होते काय? वडिलांनी नाही म्हटले. मग हात का लावला, या प्रश्नावर त्यांचे सांगणे इतकेच, की सगळे जाणारच होते, म्हणून इतरांनी केले तेच आपणही केले. इतका प्रांजळ कबुलीजबाब इतिहासात क्वचितच आढळतो.

पुढे ही भूमी स्कारबरोच्या अर्ल घराण्याच्या सँडबेक जहागिरीत आली. चौथ्या अर्लने १७७४ मध्ये त्या काळचा नामांकित उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राऊन याच्याशी करार केला. ब्राऊनच्या बागेत सरळ वाटा व आखीव ताटवे नसत. सारे निसर्गतःच उगवले असावे असा भास निर्माण करणे, ही त्याची कला. रोशला त्याने काही भिंती पाडल्या, मातीचे उंचवटे रचले, ओढ्याचे पाणी अडविले आणि मठाच्या पायावर सर्वत्र हिरवळ पसरली. देवळाच्या आडव्या दालनांच्या उंच भिंती तेवढ्या शोभेसाठी ठेवल्या. १७७६ मध्ये विल्यम गिल्पिन हा निसर्गसौंदर्याचा रसिक धर्मगुरू तेथे आला व नाराज झाला. अवशेषांभोवतीची जमीन इतकी नीटनेटकी केली होती, की भग्न वास्तूचा त्या जमिनीशी काही संबंधच उरला नव्हता. तक्रार सौंदर्यदृष्टीची होती, हे मान्य; परंतु तिने नेमक्या जागी बोट ठेवले, असे मला वाटते. जेथे आसने जळली तेथे जहागीरदाराचे पाहुणे फेरफटका मारू लागले, आणि पायाखाली काय आहे हे त्यांना दिसण्याची सोय राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननास आरंभ झाला, आणि १९२० नंतरच्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर झाले. उंचवटे हटले. देऊळ, भोजनगृह, ओढ्यावरून गेलेल्या इमारती यांचा आराखडा पुन्हा उघडा पडला. त्याबरोबर मठाच्या आवारातील ब्राऊनची बाग मात्र गेली, आणि तीही आता इतिहासजमाच आहे. बागेच्या अभ्यासकांना याचे वाईट वाटते, ते मी समजू शकतो. दीडशे वर्षांचे एक कलाकृत्य त्यात नाहीसे झाले. एकाच जागी दोन्ही राखता येत नव्हते. तरी निवड करावयाची झाली तर मी खोदणाऱ्यांच्याच बाजूने उभा राहीन. शेरब्रुकचे लिखाण हाती घेऊन आज तेथे गेलेल्या माणसाला ती आसने कोठे होती हे भिंतींच्या पायांवरून ताडता येते.