थॅलिडोमाइड : उंदीर मेले नाहीत, म्हणून?

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीतील ग्र्युनेंथाल कंपनीने ‘कॉन्टरगान’ हे झोपेचे औषध बाजारात आणले. त्यातील द्रव्य होते थॅलिडोमाइड. त्या काळी झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे देत. त्यांची मात्रा जास्त झाल्यास माणूस दगावण्याची भीती असे. थॅलिडोमाइडच्या मोठ्या मात्रेनेही उंदीर मरत नव्हते. साहजिकच ते निर्धोक मानले गेले, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि गरोदर स्त्रियाही झोपेसाठी व मळमळीवर ते घेऊ लागल्या. गर्भावरील परिणाम मात्र नीट तपासलेच गेले नव्हते.

सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेत विक्रीच्या परवान्यासाठी अर्ज आला. तेथील अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांना सादर केलेला पुरावा अपुरा वाटला. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांतील चेतातंतूंना इजा होते, अशी माहिती ब्रिटनमधून आली, तेव्हा गर्भाचे काय, असे त्यांनी विचारले. क्विनाइनवरील पूर्वीच्या संशोधनात त्यांना आढळले होते, की प्रौढ सशाचे शरीर ज्या द्रव्याचे विघटन करते, त्याचे विघटन सशाचा गर्भ करू शकत नाही. कंपनीने तगादा लावला, तरी परवाना मिळाला नाही.

१९६१ च्या अखेरीस हॅम्बुर्गचे विडुकिंट लेंझ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड यांनी हातपाय खुंटलेल्या अर्भकांचा संबंध या औषधाशी जोडला. नोव्हेंबरअखेर ते जर्मनीत मागे घेण्यात आले. तोवर जगभर सुमारे दहा हजार बालके बाधित झाली होती. गर्भधारणेनंतरचे साधारण २० ते ३६ दिवस सर्वांत धोक्याचे. याच काळात हातापायांचे अंकुर फुटतात, आणि आपण गरोदर आहोत हे अनेकींना तेव्हा ठाऊकही नसते.

उंदरांवर असा परिणाम का होत नाही? २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की थॅलिडोमाइड ‘सेरेब्लॉन’ या प्रथिनाला चिकटते. उंदरातील सेरेब्लॉनची रचना किंचित वेगळी आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

कुष्ठरोगातील एका तीव्र प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर हे औषध आजही दिले जाते, पण गर्भधारणा होणार नाही याची कडक खबरदारी घेऊनच.

‘अपाय आढळला नाही’ आणि ‘अपाय होत नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले विधान ऐकताच, अपाय कोठे, कोणात आणि कधी शोधला, हे विचारायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.