734 क्रमांकाचा सांगाडा

बस्सीच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. पश्चिमेला जयपूर, पूर्वेला बांदीकुई. डोक्यावर विजेची तार, पुढ्यात ब्रॉडगेजचे रूळ. तार मनातून काढून टाका. रुळांमधलं 1676 मिलिमीटरचं अंतर आवळून नेमकं 1000 करा. आता साल 1895.

जयपूरच्या बाजूनं मालगाडी येते. सांभरच्या मिठाचे डबे, आग्र्याकडे निघालेले. मिठाच्या या वाहतुकीसाठीच तर मीटरगेज इकडे एवढ्या लवकर आलं. 1874 मध्ये बांदीकुई, 1875 मध्ये अजमेर. गाडीच्या पुढे एफ वर्गाचं इंजिन आहे. सहा चाकं, सहाही दांड्यांनी एकमेकांना जखडलेली. पुढे वाट दाखवणारं किंवा मागे भार घेणारं मोकळं चाक एकही नाही. इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर, म्हणून मालगाडीला ते उत्तम. पण त्याच कारणानं सांगाडा जरा जरी तिरका झाला तरी सावरून घ्यायला कोणी नाही.

तुमच्या पिशवीत याच इंजिनाच्या प्रतिकृतीचे भाग आहेत, पितळी पत्र्यातून स्वतः कापलेले, 1:87 प्रमाणात. बाष्पक, धुराडं, चालकाची खोली हे सगळं घरी छान जमलंय. अडलंय ते खालचं. म्हणून परतीच्या गाडीत बसा आणि जयपूर, फुलेरा, किशनगढ मागे टाकत अजमेरला उतरा.

इथला कारखाना राजपुताना-माळवा रेल्वेचा. 1885 पासून ही रेल्वे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी. बी. अँड सी. आय. कंपनी चालवते. मुंबईकरांना ही कंपनी नवी नाही. चर्चगेटसमोर तिच्या मुख्यालयाची इमारत सध्या उभी राहतेय, पूर्ण व्हायला 1899 उजाडेल. आतापर्यंत एफ वर्गाची इंजिनं ब्रिटनमधल्या कारखान्यांतून बोटीनं येत होती. या वर्षी मात्र अजमेरनं एक स्वतः बांधायला घेतलंय. क्रमांक 734. संपूर्णपणे भारतात घडलेलं पहिलं वाफेचं इंजिन म्हणून पुढे शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव येईल. त्या वाक्यात साल असतं, पण खरं काम कशात होतं हे कुणी सांगत नाही. ते आता पाहा.

शेडमध्ये रिव्हेटांच्या हातोड्यांनी कान बसतात. दोन लांब, जाड पोलादी पाट्या उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी जोडल्या आहेत. हीच फ्रेम. तिच्यात खालून उघडे असे चौकोनी खाचे आहेत. त्यांत ॲक्सलबॉक्स बसणार आणि वरखाली सरकणार. तुम्ही हात लावायला पुढे होता, तेवढ्यात म्हातारा मिस्त्री ओरडतो, “बाबूजी, तार है!”

खरंच तार आहे. सिलिंडरच्या बरोबर मध्यातून निघून ती मधल्या आसाच्या जागेपर्यंत ताणली आहे. मिस्त्री तिला काटकोनात गुण्या लावतो, डोळा बारीक करतो, खलाश्याला खूण करतो. आस या तारेला काटकोनात आला पाहिजे, दोन्हीकडे सारखा. मग फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजायचे; ते समान निघाले नाहीत तर आधीचं सगळं खोलायचं. घाई इथे कुणालाच नाही, आणि मला तर वाटतं अजमेरचं खरं कर्तृत्व धुराड्यातून निघालेल्या पहिल्या धुरात नाही, या तारेत आहे.

पलीकडे चाकं आसावर दाबून बसवली आहेत. नीट बघा. डाव्या चाकाची क्रँकपिन वर असेल तेव्हा उजव्या चाकाची आडवी आहे. दोन्हींत 90 अंशांचं अंतर. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाक फिरवू शकत नाही; तेव्हा दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि ओढून नेतो. दोन्ही एकाच वेळी टोकाला गेले तर इंजिन जागच्या जागी उभं. तिन्ही आसांवरचा हा कोन हुबेहूब एक हवा. एकाचा जरी किंचित चुकला तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दांड्या एकदा अडकणार.

तुमच्या टेबलावरच्या इंजिनाची तीच उचकी आहे. मोटर जोर लावते, गरम होते, इंजिन लंगडतं, आणि तुम्ही मात्र मोटरला दोष देता.

आता मिस्त्रीच्या दांड्या बघा. तीन चाकांना मिळून एकच लांब दांडी नाही. ती दोन तुकड्यांची आहे आणि मधल्या पिनेजवळ तिला सांधा आहे. वाटेत रूळ वरखाली असतात, प्रत्येक आस आपापला हलतो, म्हणून दांडीला वाकायला जागा हवी. हौशी लोक नेमकी इथेच काटकसर करतात. अखंड पट्टी कापतात आणि तिला डाख देऊन मोकळे होतात.

घरी परत या. आधी दांड्या करा, डावी-उजवी एकत्र पकडून एकाच वेळी भोकं पाडा. मग त्याच दांड्या फ्रेमवर ठेवून आसांच्या जागा आखा; मोजपट्टीपेक्षा ते जास्त भरवशाचं. जोडलेली फ्रेम काचेच्या तुकड्यावर ठेवा. सहाही चाकं टेकली तर पुढे जा. मोटर बसवायच्या आधी सांगाडा बोटानं ढकलून पाहा, दोन्ही दिशांना. रुळांचं अंतर 12 मिलिमीटर ठेवा. 1:87 मध्ये 1000 मिलिमीटरचे खरे साडेअकरा होतात, पण चाकं बाजारात 12 चीच मिळतात आणि एवढी तडजोड क्षम्य आहे. भारतीय ब्रॉडगेजची मॉडेलं 16.5 वर पळवतात, जिथे 19 हून जास्त हवेत. त्यापुढे हे काहीच नाही.

38 टनांचं ते 734 आज दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर फोटो काढून झाल्यावर खाली वाका. एका बाजूची क्रँकपिन कुठे आहे ते ध्यानात ठेवा, वळसा घालून दुसरी बाजू पाहा, आणि मगच कानस हातात घ्या.