विजया, गांजा आणि दुखरे गुडघे

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका काकूंनी पिशवीतून छोटी बाटली काढली. म्हणाल्या, "पोरानं मोबाईलवरून मागवलीय. भांगेचं तेल आहे. गुडघ्याला उतार पडतो म्हणे. घेऊ का गं?" एक जण म्हणाली, "अहो, गांजा तो! पोलीस धरतील." दुसरी म्हणाली, "जुन्या लोकांचं औषध ते, काही होत नाही." दोघींचं थोडं खरं, थोडं चूक. म्हणून आज या झाडाची गोष्ट सांगते.

झाड एकच, पण त्याच्या भागांना नावं निराळी. पानं म्हणजे भांग. मादी झाडाचे चिकट तुरे म्हणजे गांजा. त्यातली राळ म्हणजे चरस. नर झाडं उपटून टाकली की मादीला बी धरत नाही आणि तुरे भरतात, हे जुन्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. इंग्रजांच्या काळात आपल्या नगर जिल्ह्यातही सरकारी देखरेखीखाली हे पीक निघायचं.

आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. वैद्य ती कच्ची वापरत नसत. आधी शुद्ध करायची, मग मोजून दुसऱ्या औषधांत मिसळायची, अशी रीत. जातीफलादी चूर्णात ती असते, पण ते मुख्यतः पोटाच्या तक्रारींसाठी. म्हणजे 'जुन्या ग्रंथांतलं गुडघ्याचं औषध' असं कोणी सांगितलं, तर लगेच मान डोलवू नका.

दुखण्यावरची मोठी परीक्षा झाली कलकत्त्यात. तिथल्या मेडिकल कॉलेजात विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत. पुढे हिंदुस्थानात तारयंत्राच्या तारा टाकल्या, तेही यांनीच. त्यांनी पंडित मधुसूदन गुप्तांसारख्या जाणकारांकडून जुन्या ग्रंथांतली माहिती घेतली आणि आधी जनावरांवर प्रयोग केले. कुत्र्यामांजरांना नशा चढली, चरणाऱ्या जनावरांवर फारसा परिणाम दिसला नाही. मग त्यांनी संधिवाताच्या रुग्णांना राळ दिली, एक ग्रेन, म्हणजे साधारण अर्ध्या गुंजेएवढी. हे सगळं त्यांनी १८३९ मध्ये लिहून ठेवलं आहे.

काय झालं? एका रुग्णाला भूक लागली, तो गाऊ लागला, मग झोपला. रात्री पाहतात तर तो बेशुद्ध, आणि त्याचा हात वर उचलून ठेवला तर तसाच अधांतरी राहतोय! डॉक्टर घाबरले. सकाळपर्यंत तो सावरला. पण धडा मिळाला, की इतकीशी मात्राही एखाद्याला जास्त होते. काहींना आराम पडला, काहींना नाही. डॉक्टरांचा खरा विश्वास बसला तो धनुर्वातात. आजार बरा होईलच असं नव्हतं, पण शरीर आखडून धनुष्यासारखं वाकायचं, त्या झटक्यांना उतार पडायचा. हे लक्षात ठेवा: स्नायूंच्या आखडण्यावर गुण दिसला, सांध्यांबद्दल मात्र तेवढी खात्री नव्हती.

त्यांच्यामुळे हे औषध विलायतेत गेलं. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याचे डॉक्टर रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये त्याची तारीफ केली. राणी स्वतः पाळीच्या दुखण्यावर ते घ्यायची, असं आज सर्रास सांगतात, पण त्याला पुरावा नाही. विकणाऱ्याला मात्र अशी गोष्ट फार कामाची! रेनॉल्ड्स यांनीच बजावलं होतं, की थोड्यापासून सुरुवात करा, कारण एका बाटलीचा जोर दुसरीत नसतो.

तेवढ्यात प्रश्न उठला, गांजानं माणसं वेडी होतात का? १८९३ मध्ये सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यानं १,१९३ साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं तपासली. अनेक ठिकाणी 'गांजामुळे वेड' ही नोंद नुसत्या ऐकीव गोष्टीवर केलेली निघाली. १८९४ च्या अहवालात आयोगानं सांगितलं, की बेताच्या वापरानं फार नुकसान दिसत नाही, अतिरेकानं होतं. पूर्ण बंदी नको, नियंत्रण हवं.

तरी औषध मागे पडलंच. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचं इंजेक्शन देता येईना. १८९९ मध्ये अॅस्पिरिन आलं, मोजून घ्यायला सोपं. मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आला. गांजा आणि चरस त्यात येतात. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आणि बांधावर 'औषधाला' म्हणून रोप लावलंत तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याचा विचार करा बायांनो.

आता आजचं. २०१० मध्ये ब्रिटननं या झाडापासून केलेला तोंडात मारायचा फवारा मंजूर केला. तो मज्जातंतूंच्या एका आजारात स्नायू आखडतात त्यासाठी. कलकत्त्यात दिसलं त्याच्याशी हे जुळतं. सांध्यांचं काय? डेन्मार्कमध्ये हाताच्या सांधेदुखीच्या शंभरावर रुग्णांपैकी काहींना या झाडातला नशा न आणणारा घटक, सीबीडी, १२ आठवडे दिला आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. २०२१ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांचं दुखणं थोडं कमी झालं, जवळजवळ सारखंच! म्हणजे आराम गोळीतल्या औषधाचा नव्हता.

याचा अर्थ दुखणं खोटं, असं मुळीच नाही. लावणी, खुरपणी, डोक्यावरचा हंडा यांनी झिजलेला गुडघा खराच दुखतो. आणि दुखणाऱ्या बाईला फसवणं सोपं असतं, म्हणूनच तिनं जास्त प्रश्न विचारायचे. झाडाचा कोणता भाग आहे? मात्रा किती? लिहून कोणी दिलं? भांग असलेल्या आयुर्वेदिक औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हातही लावू नका. म्हातारपणी चक्कर येऊन पडलं की मांडीचं हाड मोडतं, ते वेगळंच.

त्या दिवशी काकूंच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आम्ही गटातल्या मुलीकडून वाचून घेतली. 'हेम्प सीड ऑइल' लिहिलं होतं. म्हणजे बियांचं तेल. ते खाण्यासाठी चालतं, २०२१ पासून अन्न म्हणून विकायला परवानगीही आहे. पण दुखणं थांबवणारा, नशा आणणारा घटक बियांत नसल्यातच जमा. पोलिसांची भीती नव्हती, आणि गुणही नव्हता!

काकू हसल्या. म्हणाल्या, "मग चटणीत घालते." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. सकाळी तासभर सांधे आखडलेले राहतात का, सूज येते का, हेही विचारलं, कारण तसं असेल तर आजार निराळा आणि उपचार लवकर लागतो.

तुमच्याही गटात अशी बाटली आली, तर झाकण उघडण्याआधी चिठ्ठी वाचा.