तळ्याकाठची पागा

भोपाळ आणि घोडा ही नावे एकत्र आली की मराठी वाचकास १७३७ चा डिसेंबर आठवावा, हे स्वाभाविकच आहे; निजामाने किल्ल्याचा व तलावाचा आसरा धरला, बाजीरावाच्या स्वारांनी त्याची दाणावैरण तोडली, आणि ७ जानेवारी १७३८ च्या तहाने माळव्याचा निकाल लागला. परंतु मराठी पागा दसऱ्यास बाहेर पडे आणि मृगापूर्वी छावणीस परते, त्यामुळे पावसाळ्यातील तलावाची ओल तिच्या वाट्यास सहसा आली नाही. ती आली येथल्या तबेल्यांच्या वाट्यास, ज्यांच्या धनिणी १८१९ ते १९२६ या काळात बहुतांशी बेगमा होत्या आणि ज्यांतील सिकंदर बेगम स्वतः पट्टीची स्वार होती.

ओल्या चिखलात चिलटे वाढतात, आणि तिळाएवढ्याही नसलेल्या त्यांच्या माद्या दिवेलागणीस घोड्याच्या आयाळीत व शेपटीच्या मुळाशी शिरतात. शेकडो घोड्यांस त्याचे काही वाटत नाही. एखादे मात्र खुंटाला अंग घाशीत राहते, इतके की आयाळ झडून कातडी जाड, सुरकुतलेली होते. मोतद्दार कडुनिंबाची धुरी करी आणि घोड्यास पाणी बाधले म्हणे.

ज्याच्या नावावरून भोपाळचे नाव पडले असे परंपरा सांगते, त्या भोजराजाच्या नावावर ‘शालिहोत्र’ हा अश्ववैद्यकाचा लहानसा संस्कृत ग्रंथ आहे. तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने ई. डी. कुलकर्णी यांच्या संपादनाने १९५३ साली छापला. आणि योगायोग असा की त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात रीक या संशोधकाने क्वीन्सलंडच्या घोड्यांच्या खाजेवरील आपला अभ्यास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चिलटाच्या लाळेची ॲलर्जी हे त्या खाजेचे मूळ ठरले.

मग एकाच तबेल्यातील एकच घोडे का खाजवते? येथे नस्ल पाहणाऱ्या जुन्या सौदागराची बाजू मला बळकट वाटते. ही प्रवृत्ती रक्तातून उतरते. ती एका जनुकाची करणी नसून अनेकांची आहे, आणि शरीराने परके द्रव्य ओळखण्याचे काम ज्यांच्याकडे आहे अशा जनुकांचा त्यात हात आढळला आहे. तथापि मोतद्दारही सर्वस्वी चुकला नव्हता. आइसलँडचे घोडे सुमारे हजार वर्षे या चिलटांच्या दंशावाचून वाढले. तेथे जन्मून युरोपच्या चिलटांच्या मुलखात गेलेल्यांपैकी, दोन वर्षे उलटल्यावर, निम्म्याहून अधिकांस ही खाज जडल्याचे आढळले, आणि त्यांच्याच रक्ताची, परंतु युरोपात जन्मलेली शिंगरे बहुतांशी निर्वेध राहिली. ज्या अंगास बालपणी दंशाची सवय झाली त्यास तेच पाणी मानवले.

आइसलँडच्या कायद्याने देश सोडलेल्या घोड्यास परत येता येत नाही. म्हणून बाहेर खाज जडलेल्या घोड्यास दिवेलागणीपूर्वी तबेल्यात घेणे आणि अंगभर झूल घालणे, हाच तिच्यावरचा खात्रीचा इलाज आजही मानला जातो.