पंजाबचे भात आणि पाण्याचा हिशेब

हेक्टरी भात उत्पादनात पंजाब देशात अग्रस्थानी आहे. मात्र जमिनीऐवजी सिंचनाच्या पाण्याने मोजमाप केले, की चित्र उलटते. नाबार्ड आणि इक्रिअर यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार सिंचनाच्या एका घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे पंजाबात ०.२२ किलो तांदूळ पिकतो, तर झारखंडात ०.७५ किलो. झारखंडात बरेचसे पाणी पाऊसच पुरवतो, तेव्हा हा आकडा तिथल्या काटकसरीचे प्रमाणपत्र नव्हे. तसा तो पंजाबी शेतकऱ्याच्या उधळेपणाचा पुरावाही नव्हे.

१९६०-६१ मध्ये पंजाबात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाखांहून अधिक आहे. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. पुढे हमीभाव अनेक पिकांना जाहीर झाले, पण खरेदीची खरी शाश्वती गहू आणि तांदळालाच लाभली. १९९७ मध्ये शेतीपंपांची वीज मोफत झाली. मधला अल्प काळ वगळता ती तशीच राहिली. पंप आणखी तासभर चालवण्याचा खर्च शून्य, आणि पाणी वाचवण्याचा लाभही शून्य. पातळी खालावत गेली तसे साधे पंप निकामी ठरले आणि पाणबुडी पंप आले. वीज फुकट असली, तरी कूपनलिका खोल नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी आला. छोट्या शेतकऱ्याला तो सर्वाधिक जड गेला.

बिहारमध्ये याच्या अगदी उलट घडले. भूजल उथळ, पण वीज दुर्मिळ. त्यामुळे दशकानुदशके सिंचन डिझेल पंपांवर चालले. ज्यांच्याकडे पंप नव्हता ते शेजाऱ्याकडून तासाच्या दराने पाणी विकत घेत. तिथे पाणी जपून वापरले गेले, परंतु कित्येकदा पीक तहानलेले ठेवून. अशा काटकसरीला कार्यक्षमता म्हणणे क्रूरपणाचे ठरेल.

पंजाबने २००९ मध्ये कायदा करून १० जूनपूर्वीच्या लावणीस बंदी घातली. भर उन्हाळ्यातील बाष्पीभवन टळले. पण कापणी लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वीची सवड आटली आणि शेतातील पेंढा जाळण्यास जोर आला. २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ ही ऐच्छिक योजना आली: ठरलेल्या मर्यादेहून कमी वीज वापरल्यास वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला चार रुपये. तांदळाची हमी खरेदी मात्र तिच्या शेजारी पूर्ववत चालू राहिली.